सहाणेपाशी उतरणारी शालन

फोनवर तिचंच नाव उमटलं, म्हणून मी 'हॅलो' म्हणायच्या भानगडीत पडले नाही. आषाढ सरत आला होता आणि गेले आठ-दहा दिवस मी याच फोनची वाट बघत होते. "झाली का गो लावणी?" असं थेट विचारून टाकलं. मग तिच्या मुलाचा, निखिलचा आवाज आला, "मावशी... आई गेली." पुढचं तो सांगत होता आणि मी नुसती हं हं करत होते. चार दिवस तिने ताप अंगावर काढला. लावणीच्या दिवसांत तापाला कोण विचारतं? पायाला जखम होती आणि दिवसभर चिखलात उभी. लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. पोलादपूरहून तिला महाडला, माझ्याच गावात आणलं, महाडहून मुंबईला हलवायचं ठरलं आणि ती वाटेतच गेली. म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरून शालन गेली, आणि मी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत असेन. हे मला अजून पचलेलं नाही.

दीड महिना झाला. या दीड महिन्यात मला भेटलेल्या निम्म्या लोकांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, त्या तर सायकल चालवायच्या ना? एवढ्या डोंगरात? मग अशा कशा गेल्या?" उचलली जीभ लावली टाळ्याला. सायकल चालवणाऱ्या माणसाला चिखलातला ताप येत नाही, असं कुणी सांगितलं होतं? पहिल्या काही दिवसांत मी भांडले. आता भांडत नाही. पण तिने सायकल चालवून काय मिळवलं, ते मला माहीत आहे आणि काय मिळवायचं राहिलं, तेही मलाच माहीत आहे. ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

शालन मूळची पोलादपूरच्या डोंगरातली, पण आठवी ते दहावी मामाकडे महाडला शिकली. शाळेत माझ्या बाकावर बसायची. मी चवदार तळ्यामागच्या गल्लीतली, बौद्ध घरातली मुलगी, मार्चमध्ये तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवसाला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागायची. शालन त्या दिवसांत मामाला न सांगता यायची आणि माझ्याबरोबर लोकांना पाणी द्यायला उभी राहायची. बुटकी, सावळी, हसताना तोंडावर हात धरणारी. पण तासाने मिळणारी भाड्याची सायकल दिसली की तिचा हात तोंडावरून निघायचा. दांड्याखालून पाय घालून ती हाफ पॅडल मारत तळ्याला वेढे घालायची आणि मी भेदरट, घड्याळ धरून काठावर उभी. दहावीनंतर दोन वर्षांत तिचं लग्न झालं, उमरठच्या रस्त्यावरून वर चढत गेलं की लागते त्या वाडीत. नवरा मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. घरी सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दोन खाचरं, दोन म्हशी. सायकलीचा विषय तिथे संपला आणि तीस वर्षं तसाच पडून राहिला.

मधल्या काळात ती अंगणवाडी सेविका झाली. या वाडीवरून त्या वाडीला चालत जायची, डोक्यावर कधी पोषण आहाराची पिशवी, कधी वजनकाटा. पंचेचाळिशीत गुडघे बोलायला लागले, रक्तदाब वाढला, रात्री छाती धडधडते म्हणून उठून बसायची. माझी गत त्याहून वाईट होती. मी एका शाळेत क्लार्क, खुर्चीवरून उठायचं ते मधल्या सुट्टीत डबा खायला. साखर निघाली. त्यात यजमान गेले. आयुष्यभर मी त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून बाजारात गेलेली बाई, स्कूटर पुरात गेली आणि त्यांच्यामागे मला महाडच्या बाजारपेठेत एकटीने जायचीसुद्धा भीती वाटू लागली. मुलगी पुण्याला. संध्याकाळी दार लावून टीव्हीसमोर बसायचे, आवाज हवा म्हणून.

तेव्हाच एका रविवारी शालनचा फोन आला. निखिल मुंबईहून येऊन काही महिने घरी राहिला होता, त्या काळात हौसेने घेतलेली जाड टायरची, गिअरची सायकल पडवीत टाकून परत गेला होता. "ती चढते गो," शालन म्हणाली. "एक नंबर टाकला ना, की भिंतीवर पण चढंल." मला वाटलं, हिला म्हातारचळ लागला. तसं मी बोललेही. ती म्हणाली, "लागला तर लागला. तू ये."

मी गेले ती तिला समजावायला. एसटीतून उतरून वर पोचले तर बाईसाहेब अंगणवाडीच्या मागच्या कच्च्या वाटेवर, पंजाबी ड्रेसखाली मुलाची ट्रॅक पॅन्ट, ओढणी कमरेला करकचून, तोंड लाल, आणि चढावर... खरोखर चढावर. वाट दगडाधोंड्यांची, मध्ये पावसाने पडलेली घळ, आणि ही त्या घळीच्या कडेकडेने पुढच्या चाकाकडे न बघता लांब बघत वर निघालेली. वर पोचल्यावर ती थांबली, श्वास सावरला आणि हसली. तोंडावर हात नव्हता. तीस वर्षांनी मी तिचे दात पाहिले असं मी गमतीने म्हणते खरी, पण त्या दिवशी तिला समजावायचं मी विसरूनच गेले. हेवा वाटला, दुसरं काय.

मला शिकायला चार महिने लागले. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी सगळ्यांना नावं ठेवली. वाट वाईट, सीट टोचतं, ब्रेक कडक. ती ऐकून घ्यायची आणि सीट धरून मागे धावायची. तिचं शिकवणं थोडक्यातलं असायचं. दगडाकडं बघितलं की चाक दगडावरच जातं, जायचंय तिकडं बघ. उताराला ढुंगण मागं. पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाय. चढाला दम लागला तर लाज वाटून घ्यायची नाय, दम लागायलाच आलोय आपण. हे शेवटचं वाक्य मी माझ्या शाळेच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं, कुणाला अर्थ कळला नाही.

सायकल एक आणि चालवणाऱ्या हळूहळू पाच जणी झाल्या. प्रत्येकीची उंची वेगळी, सारखं सीट वरखाली करून भांडणं व्हायला लागली. तेव्हा शालनने सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या खुणा केल्या. प्रत्येकीचा रंग वेगळा. दांडा सायकलीच्या ज्या नळीत सरकतो, तिच्या तोंडाशी आपली खूण आणायची, खटका दाबायचा, निघायचं. तिची मरून रंगाची खूण सगळ्यात वर, म्हणजे सीटच्या अगदी लगत, कारण ती सगळ्यात बुटकी, तिला सीट पार खाली लागायचं. माझी खूण गुलाबी, सगळ्यात खालची. ती सायकलवर बसलेली असली की आम्हा चौघींच्या खुणा नळीच्या आत दडलेल्या असायच्या.

त्या पाचांत एक रंजना होती, वाडीतली तरुण सून. बाळंतपणानंतर अंगात रक्त नाही, भूक नाही, कुणाशी बोलायचं नाही, नवरा मुंबईत. दुकानात जायचं म्हटलं तरी हात थरथरायचे. तिला शालनने सायकलवर बसायला सांगितलंच नाही. नुसतं म्हणाली, मी चालवते, तू माझ्या मागं चालत ये. पंधरा दिवस ती मागे चालत आली. मग तिनेच विचारलं, मी धरून बघू का. गेल्या उन्हाळ्यात तीच रंजना एकटी पोलादपूरला जाऊन रक्त तपासून, बँकेचं काम करून, येताना मुलासाठी कलिंगड कॅरिअरला बांधून आली. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझंच सांगते. मला रात्री झोप लागायला लागली. दोन जिने चढून धाप लागेना. डॉक्टरांनी साखरेची एक गोळी कमी केली, बाकीच्या चालूच आहेत, उगाच खोटं कशाला लिहू. पण खरा फरक गोळीचा नव्हता. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एकदा पावसाळ्याआधी आम्ही मागेपुढे चालत, आळीपाळीने सायकल चालवत गेलो होतो. तिथे एका वळणावर माझी पाळी आली आणि मी ब्रेकवरून बोटं काढली. वारा कानात शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या पाठीमागे बसलेली नव्हते.

आता तिच्या पडण्याबद्दल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिने शपथ घातली होती, पण आता शपथ मोडल्याबद्दल रागवायला ती नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघीच होतो. ती उतारावरून येत होती आणि खालून तिचे चुलत सासरे गवताचा भारा घेऊन वर येताना दिसले. या वाड्यांमध्ये सासरचं वडीलधारं माणूस समोर आलं की बाईने बसलेलं उठायचं, पायात असेल ते बाजूला सारायचं, डोक्यावर पदर ओढायचा. कुणी शिकवत नाही, कुणी विसरतही नाही. शालन त्या धडधडत्या उतारावर सायकलवरून उतरायला गेली. एक हात ओढणी डोक्यावर ओढायला वर गेला, दुसऱ्याने नेमका पुढचा ब्रेक एकटा दाबला, जो दाबायचा नाही असं ती आम्हाला शंभर वेळा सांगायची. हँडलवरून पुढे फेकली गेली. मनगट मोडलं. सासऱ्यांनी भारा टाकून तिला उठवलं, तर ही उठता उठता म्हणते, "काय नाय झालं, तुमी चाला. घरी काय सांगू नका." पडले तरी नाक वर, म्हणतात ते हे. घरी सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने नियम काढला. रस्त्यात कुणीही भेटलं, सासरा असो की सरपंच, उतरायचं नाही. घंटी एकदाच वाजवायची आणि मान वाकवायची. एकदाच. दोनदा वाजवली तर बाजूला व्हा म्हणतोय असं वाटतं, एकदा वाजवली की नमस्कार पोचतो. पाचही जणी तसं करायला लागल्या. सुरुवातीला म्हातारे तोंड फिरवायचे, मग त्यांना सवय झाली, पुढे पुढे तर घंटी नाही वाजली की "आज रागावली काय गो?" असं विचारायला लागले.

पण नियम काढणारीच तो अर्धा पाळायची. वाडीच्या खालच्या तोंडाला पालखी टेकवायची दगडी सहाण आहे. तिथून आप्पांच्या घरापर्यंत दोन-अडीचशे पावलांचा चढ. शालन सगळा डोंगर बसून यायची आणि सहाणेपाशी उतरायची. ओढणी डोक्यावर घ्यायची आणि सायकल ढकलत, खाली बघत, आप्पा पडवीत बसलेले असायचे त्यांच्यासमोरून घरात जायची. रोज. बाकीच्या चौघी आपापल्या पाळीला तिच्या देखत बसून वर जायच्या, आणि ती ढकलत.

मला ते बघवत नसे. शेवटच्या भेटीत, ज्येष्ठात, मी बोलून गेले. सहाणेवरच बसलो होतो. मी तिला माझ्या आजोबांचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी याच भागातल्या वाड्यांमधून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, भर उन्हात. एक दिवस त्यांनी त्या काढल्या नाहीत, मार खाल्ला, पण पुन्हा कधी काढल्या नाहीत. "आणि तू ज्या सायकलवरून आम्हाला उतरू देत नाहीस, तिच्यावरून स्वतः उतरतेस," मी म्हटलं. आवाज चढला असेल माझा, चढतोच. ती सहाणेवरचं वाळलेलं फूल बोटाने ढकलत राहिली.

मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना लोकांचा धाक व्हता. मला तर कोण काय बोलत नाय गो. आप्पा एका शब्दानं बोलले नाय कधी. माझेच पाय आपसूक खाली येतात. त्यांना काय करू?"

मी तिची पाठ चोळली. तीच थोड्या वेळाने उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "लावणी होऊंदे. मग एकदा बसून जाते आप्पांच्या समोरनं. तू ये त्या दिवशी, मागनं. मी फोन करते."

तो फोन आला. नंबर तिचाच होता...

दिवसकार्य झाल्यावर आठवड्याने मी वाडीवर गेले. निखिलला मुंबईला परतायचं होतं. तो म्हणाला, मावशी, सायकल गंजून जाईल, तुम्ही घेऊन जा. मलाही वाटलं, न्यावी, माझ्या गॅलरीत ठेवावी, येता-जाता हात लावावा. पडवीतून काढली, ढकलत अंगणात आणली. चाक फिरायला लागलं तशी टिकटिक सुरू झाली. सायकल ढकलली की मागच्या चाकातून येते तशी, पॅडल मारलं की जी थांबते ती.

आप्पा कोपऱ्यात घोंगडीवर बसले होते. नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मान वर केली.

"कोन ढकलतंय?"

"मी, आप्पा. शालनची मैत्रीण, महाडची."

त्यांनी मान पुन्हा खाली घातली. मला वाटलं, सायकल नेते म्हणून रागावले. मग ते जमिनीकडे तोंड करून बोलले, मला सांगत होते की स्वतःला, कळेना.

"मला दिसत नाय, पन ऐकू येतंय. बाकीच्या पोरी आल्या की नुसती घंटी यायची. ती आली की सहानंपासून टिकटिक... टिकटिक... वर येत ऱ्हायची. मला कळायचं, ही उतरलीय. रोज वाटायचं, सांगावं, बस गो बाय, बसून ये. जिभेवर यायचं आन् ऱ्हायचं. सुनेला असं कधी सांगायची सवय नाय आमाला." ते थांबले. "मला वाटलं, उद्या सांगू."

मी उभी राहिले, हँडल धरून. तीन वर्षं ती त्यांच्या एका शब्दासाठी उतरत होती आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर होता. अडीचशे पावलांच्या त्या चढाच्या दोन टोकांना दोघं होती. मला रडू आलं, आणि राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

"तू एक काम कर," आप्पा म्हणाले. "सहानंपतुर खाली जा आन् बसून वर ये. मला ऐकू दे."

मी खाली गेले. सहाणेपाशी सीटचा खटका उघडला. सीट तिच्याच खुणेला होतं, शेवटचं तीच बसली असणार. क्षणभर वाटलं, तसंच ठेवावं. पण खाली सीटवर बसलीस तर गुडघे जातील, असं ती मला किती वेळा ओरडली होती. मी माझी गुलाबी खूण नळीच्या तोंडाशी आणली, खटका दाबला, एक नंबर टाकला. रस्ता ओला होता. लावणीनंतर ज्या चढावर तिच्या मागून यायचं ठरलं होतं, तिथे मी पुढे होते आणि माझ्या मागे कुणी नव्हतं. दम लागला. लाज वाटून घेतली नाही. दगडाकडे बघितलं नाही, लांब बघितलं, पडवीकडे. चाकातून जराही टिकटिक येऊ दिली नाही, एक क्षणही पॅडल थांबवलं नाही.

घरासमोर आले तेव्हा घंटी एकदाच वाजवली आणि मान वाकवली. वर बघते तर आप्पा खांबाला धरून उठून उभे राहिले होते. धोतराचा सोगा सावरत, रस्त्याकडे तोंड करून. माझ्या आजोबांनी हे पाहायला हवं होतं, असं मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला आजोबा आठवले ते नंतर. आधी शालन आठवली. ते तिच्यासाठी उभे होते.

सायकल मी महाडला आणली नाही. आप्पा म्हणाले, हितंच ऱ्हाऊ दे. रंजना आणि बाकीच्या तिघी... छे, दोघी, मोजताना अजून चुकतं, रोज चालवतात. रविवारी पहिल्या एसटीने मी जाते. मी पोचते तेव्हा सायकल पडवीत असते, आप्पांच्या घोंगडीशेजारी. आम्हा चौघींपैकी कुणीही बसलं तरी सीट वरच चढवावं लागतं, म्हणून तिची मरून खूण आता कधी नळीत जात नाही. सगळ्यांच्या वर, उघडी असते. नेलपॉलिशचा एक टवका उडालाय. रंजना म्हणाली, पुन्हा रंगवू का. मी नको म्हटलं.

काल निघताना खाचरांकडे बघत होते. लावणी कधीच आटपली गो, शालन. भात पोटरीला आलंय.